हजार खोट्या लिंका आणि एक खरी

ज्याने घाण केली त्याला शाल-श्रीफळ आणि जिने ती उपसली तिला "पण तू नेमकं केलंस काय?" हा प्रश्न, ही वाटणी तुम्हाला न्याय्य वाटते का? घाई न करता उत्तर द्या. मला ती न्याय्य वाटत नाही. लोणखेड्याच्या कॉलेजात गेल्या वर्षी जयेशचा सत्कार झाला तेव्हा पाचव्या रांगेत बसून मी टाळ्या वाजवत नव्हते, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. जयेश माझ्या बेंचवरचा. त्याचं शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट मी लिहून दिलेलं. तो आता पुण्यात असतो आणि 'छोट्या गावातला व्यापार जगाच्या पहिल्या पानावर कसा न्यावा' यावर भाषणं देतो. मी शहाद्यात एका खोलीत बसते आणि इंटरनेटच्या शोधाच्या पहिल्या पानावरून हाकललेल्या व्यापाऱ्यांना परत आत घेऊन येते. मला त्याचा मत्सर वाटतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावरच उभी आहे.

माझ्या कामाला लोकांना समजेल असं नाव नाही. आई शेजारणींना सांगते, "कॉम्प्युटरमधला कचरा काढस." ते बरोबर आहे. तरी थोडं उलगडून सांगते.

माझे बाबा आयुष्यभर पत्रकं काढत आले. मजुरी, पाणी, रेशन, शाळेतले मास्तर गैरहजर, ज्या विषयावर कोणी बोलत नसेल त्या विषयावर बाबांचं पत्रक निघायचं. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. बाजाराच्या दिवशी गठ्ठा काखेत धरून वाटायला मी असायचेच. बाबांचा एक नियम होता: पत्रकाच्या तळाला काढणाऱ्याचं नाव आणि छापणाऱ्याचं नाव असलंच पाहिजे. बिननावाचं पत्रक हातात आलं की ते न वाचताच फाडायचे. म्हणायचे, ज्याला आपलं नाव सांगता येत नाही त्याला माझा वेळ मागायचा अधिकार नाही.

इंटरनेटवरची लिंक ही अशीच एक छोटी साक्ष असते. एखाद्या साइटवर कोणी लिहितं, 'तिखट इथून घ्या, चांगलं असतं', आणि त्या शब्दांवर बोट ठेवलं की तुम्ही त्या दुकानाच्या साइटवर पोचता. सर्च इंजिन अशा साक्षी गोळा करतं. ज्याच्या बाजूने बरीच आणि भरवशाची माणसं बोलतात त्याला वर दाखवतं. कल्पना चांगली आहे. पण जिथे साक्षीला किंमत आली तिथे साक्षीदार विकायला बसलेच. आज कोणीही पॅकेज विकत घेऊन आठवडाभरात हजार खोट्या साक्षी उभ्या करू शकतो. जुगाराच्या साइटा, झोपेच्या गोळ्यांच्या साइटा, मालक विसरून गेलेले ब्लॉग, परदेशातल्या दातांच्या डॉक्टरच्या पानाखाली टाकलेली कॉमेंट, सगळीकडे एकच वाक्य: 'सर्वोत्तम लाल मिरची पावडर'. खाली नाव नाही. बिननावाच्या पत्रकांचा पाऊसच.

आणि एक दिवस सर्च इंजिनकडचा कोणी माणूस (यंत्र नव्हे, खरा माणूस) हे बघतो आणि शिक्षा ठोठावतो. दुकान बंद होत नाही, साइट बंद होत नाही. फक्त शोधणाऱ्याला ती दिसेनाशी होते. बाजारातल्या दुकानाची पाटी कोणी उतरवून नेली तर निदान चार माणसं विचारतील. इथे कोणी विचारतही नाही.

पारसमलशेठच्या साइटचं असंच झालं.

पारसमलशेठ नंदुरबारचे मिरचीचे व्यापारी. आजोबा राजस्थानातून आले, शेठ गिऱ्हाइकाशी अस्सल अहिराणीत बोलतात आणि रागावले की हिंदीत. जयेशने त्यांची साइट काढून दिली होती: तिखट, मसाला आणि धडगावकडचा आमचूर घरपोच. जयेशने ती सहा महिन्यांत पहिल्या पानावर नेली आणि स्वतः पुण्याला गेला. शेठने गोदामाच्या मागच्या बाजूला पॅकिंगचं टेबल टाकलं. तिथे रनाळ्याच्या कमलमावशी आणि आणखी तिघी कामाला लागल्या. कमलमावशींचं त्याआधीचं काम म्हणजे पथारीवर, मिरची वाळत घालतात त्या उघड्या मैदानात, मिरचीची देठं खुडणं, उन्हात, हात पेटलेले. टेबलाशी त्या पहिल्यांदा खुर्चीवर बसून काम करू लागल्या. त्यांनी मला हे स्वतः सांगितलं. पगाराचं नंतर सांगितलं, आधी खुर्चीचं.

थंडीत शिक्षेचा निरोप आला आणि ऑर्डरी आटल्या. शेठने मला बोलावलं. भिंतीवर जयेशचा शेठसोबतचा फोटो, हार घातलेल्या वडिलांच्या फोटोशेजारी. मी निरोप वाचून दाखवला, अर्थ सांगितला. मुळात दोष कुणाचा हेही सांगितलं. शेठने चष्मा काढून पुसला.

"बेटा, जयेशने वर नेलं होतं का नाही?"

"नेलं होतं शेठ, पण खोट्या—"

"मग तू परत ने. त्याला कशाला मधी आणते?"

मग त्यांनी मुदत दिली. होळीनंतर घरोघरी वर्षाचं तिखट भरायचा हंगाम सुरू होतो. तोवर साइट दिसायला लागली नाही तर टेबल उचलायचं, चौघींनी परत पथारीवर जायचं. एवढं ऐकून मी बाहेर आले. कमलमावशींनी माझ्या हातात चहा दिला.

काम कसं चालतं ते सांगते. आधी साइटकडे बोट दाखवणाऱ्या सगळ्या लिंकांची यादी काढायची. एकेक उघडून बघायची: खरी की विकतची. विकतच्या प्रत्येक साइटच्या मालकाला पत्र लिहायचं, आमची लिंक कृपया काढा. कोणाला लिहिलं, काय उत्तर आलं, सगळं नोंदवायचं. जे उत्तर देत नाहीत त्यांची वेगळी फाइल करून सर्च इंजिनकडे द्यायची: या साक्षी आमच्या नाहीत, मोजू नका. शेवटी फेरविचाराचा अर्ज. त्यात चूक कबूल करायची, काय साफ केलं ते सांगायचं आणि वाट बघायची. ढोबळ नियम असा की आळस केलेला तिथे लगेच कळतो.

पत्रांना उत्तरं फार थोडी आली. एकाने उलट मलाच लिंका विकायला काढल्या. कुठल्याशा थंड देशातल्या एका म्हाताऱ्याची मासे पकडायच्या गळांवर साइट होती. त्याने लिहिलं की आपली साइट अजून जिवंत आहे हे त्याला माहीतच नव्हतं, नंदुरबार कुठे आहे, आणि मिरची इतकी तिखट असते का, असंही विचारलं. त्याने लिंक काढली आणि बायकोच्या बागेचा फोटो पाठवला. या धंद्यात असे दिवस क्वचित येतात, ते मी जपून ठेवते.

यादीचं काम सोपं व्हावं म्हणून मी जयेशला फोन केला. मनात होतं, तो टाळाटाळ करेल, मग मी त्याला सुनावेन. वाक्यं तयार होती. तो म्हणाला, "अगं, तू बघतेयस का? मग सुटलो. तेव्हा सगळेच पॅकेज घेत होते गं, मीही घेतलं. चुकलंच. थांब, पाठवतो." आणि दहा मिनिटांत त्याने स्वतःची सगळी नोंद पाठवली, एक ओळ न लपवता. माझी वाक्यं तशीच राहिली. ज्याच्यावर रागवायचं तो माणूस सरळ वागला की राग कुठे ठेवायचा ते कळत नाही. मी तो यादीवर काढला.

त्याच्या तक्त्यात शेवटचा रकाना होता, 'कशी मिळाली'. खाली ओळीने पॅकेज, पॅकेज, पॅकेज. हजाराच्या वर. आणि मध्येच एका ओळीत: 'जेवायला गेलो होतो'.

मी ते पान उघडलं. सुरतला राहणाऱ्या हेमाताई नावाच्या बाईंचा स्वयंपाकाचा ब्लॉग. माहेर आपल्या शहादा तालुक्यातलं, कळसाडी. पानाची सजावट जुनाट, अक्षर मोठं, फोटो तिरके. अर्धं गुजरातीत, अर्धं मराठीत. आईच्या हातच्या मिरचीच्या चटणीवर लिहिलं होतं आणि शेवटी: 'जयेश नावाचा आपल्याकडचा मुलगा शेठच्या तिखटाचं पाकीट घेऊन आला, पोटभर जेवला, आईच्या चटणीची कृती लिहून घेतली. त्या तिखटाची चटणी केली तर आईची आठवण आली.' त्याखाली लिंक.

हजार खोट्या लिंकांचा मला राग आला होता. या एका खऱ्या लिंकेने माझी छाती जळली. खोट्या लिंका कोणीही विकत घेतं. पण कोणाच्या घरी जाऊन, जेवून, आईबद्दल विचारून बाईला आपणहून लिहावंसं वाटेल असं वागणं, ते मला येत नाही. मी घरी गेले असते तर पहिल्या पाच मिनिटांत तिला नियम सांगितले असते.

आणि नियम होताच. फुकट वस्तू देऊन मिळवलेली लिंक संशयास्पद धरावी असं सांगतात. जयेशने पाकीट फुकट दिलं होतं. मी स्वतःशी म्हटलं, तत्त्व म्हणजे तत्त्व, जवळच्याला सूट नाही. खरं तर बाईंना साधं विचारता आलं असतं की 'पहिलं पाकीट भेट मिळालं' एवढं तिथे लिहाल का. लिंकेवर 'ही साक्ष मोजू नका' अशी एक खूण घातली की झालं. हे मला तेव्हाही माहीत होतं. मी ती ओळ लाल केली आणि बाकी हजार जणांना पाठवलं तेच पत्र तिलाही पाठवलं: 'आपल्या पानावरील लिंक आमच्या संकेतस्थळास हानिकारक आहे. सात दिवसांत काढून टाकावी.' वर फाइलमध्येही तिचं नाव घातलं, जुगाराच्या साइटांच्या मध्ये.

तत्त्वाच्या नावाने मी आयुष्यात बरंच काही केलं आहे. त्यातलं किती तत्त्वासाठी होतं, हे मी त्या दिवसापासून मोजत आले आहे.

पहिला अर्ज गेला आणि फेटाळला गेला. उत्तरात नमुन्यादाखल शिल्लक राहिलेल्या लिंका दिल्या होत्या. पहिलीच लिंक लोणखेड्याच्या एका शिकवणी वर्गाच्या साइटची. दुसरी शहाद्याच्या खतांच्या दुकानाची. दोन्ही साइटा मी बांधलेल्या. पारसमलशेठचं काम हाती आलं तेव्हा 'आपल्याच माणसाला आधार' म्हणून मी तळाशी त्यांच्या मिरचीची लिंक टाकली होती. शिकवणी वर्गाच्या तळाला लाल मिरची. यादी तपासताना त्या ओळी माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या होत्या आणि मी त्यांना हिरवा रंग दिला होता. जयेशची खरी साक्ष खोटी ठरवली आणि माझ्या खोट्या साक्षी खऱ्या.

मी स्वतःवर एवढी चिडले की बाबांना सगळं वाचून दाखवलं. सुरतच्या बाईंचं तेवढं सोडून. बाबांनी माझं ते पत्र मागून घेतलं, दोनदा वाचलं. म्हणाले, भाषा सरकारी नोटिशीसारखी आहे, आणि असं पत्र एखाद्या चांगल्या माणसाला चुकून गेलं असेल तर काय करणार आहेस. मी म्हटलं, चुकून कोणाला गेलेलं नाही. ते खरंच होतं. चुकून गेलं नव्हतं.

दोनेक आठवड्यांनी गोदामात गेले तर टेबलावर पाकिटांची चळत नव्हती. कमलमावशी रिकामे खोके एकात एक घालत होत्या.

"सुरतन्या ऑर्डरी बंद व्हई ग्यात ना बेटा," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं आटनं तरी सुरतन्या येत व्हत्या. त्यासवरच आम्हनं टेबल चालू व्हतं. आते त्या बी नहीत."

त्यांनी पुढचा खोका उचलला.

"तू साफ करी ऱ्हायनी ना? मंग हाई काय व्हयनं?"

हे काय झालं, ते मला जागच्या जागी कळलं. शोधणाऱ्याला साइट दिसत नव्हती, पण हेमाताईंचं पान वाचणारे थेट तिथून येत होते. सगळी दारं बंद झाली तेव्हा जे एक दार उघडं होतं ते मी सात दिवसांची मुदत देऊन बंद करायला लावलं होतं. साइटवर पाहुणे कुठून येतात याचे आकडे माझ्यासमोर रोज असायचे. मी ते बघितले नव्हते असं म्हणणं खोटं ठरेल. बघितले होते. सुरत हा शब्द वाचून पुढे जात होते.

होळीला थोडे दिवस उरले होते. मी कमलमावशींना तिथेच सांगितलं की चूक माझी आहे. का केली तेही सांगितलं. त्यांनी खोका खाली ठेवला आणि मला नीट न्याहाळलं.

"जयेशवरनी जळन तू आम्हना पोटवर काढी?"

आवाज चढला नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्यांनीच भिंतीवरच्या जुन्या पार्सलच्या चिठ्ठ्यांमधून सुरतचा नंबर शोधून माझ्या हातात दिला. हेमाताई स्वतःही गिऱ्हाईक होत्या.

मी तिथूनच, त्यांच्या टेबलाशी उभं राहून फोन लावला. माझं नाव सांगितलं.

"तुन्ही चिठ्ठी उनी व्हती," हेमाताई म्हणाल्या. "मन्ही मायवर लिखेल पान हानिकारक शे, हाई तुले कोन सांगं?"

"कोणी नाही. मीच ठरवलं."

"जयेश मन्हा घर उना, जेवना, मन्ही मायनं नाव विचारं त्यानी. तू एक फोन बी नही कया."

मी सांगितलं, सगळं. नियमाचं सांगायला गेले आणि मध्येच थांबले, कारण नियम ही सबब होती. म्हटलं, मला त्याचा मत्सर वाटला, तुमचं पान खरं होतं म्हणूनच वाटला. मग त्या हसल्या की उसासा टाकला, मला कळलं नाही. म्हणाल्या, लिंक परत लावते, पण पान होतं तसं परत लावणार नाही. जे झालं ते लिहून लावणार.

त्यांनी तसं लिहिलं. पहिलं पाकीट भेट मिळालं होतं हे लिहिलं. मग लिहिलं की दुकानाची साइट सांभाळणाऱ्या मुलीने ही शिफारस पुसायला लावली, पुढे तिनेच फोन करून माफी मागितली, का ते तिचं तिने सांगितलं. माझं पूर्ण नाव, गावासकट. जयेशचं नाव वरच्या परिच्छेदात आहे, माझं खालच्या. ते पान मी अजूनही उघडते आणि मला अजूनही ते वर-खाली टोचतं. बरी झालेय असं म्हणणार नाही.

फाइलमधून त्यांचं नाव काढलं. शिकवणी वर्गाच्या आणि खताच्या दुकानाच्या तळाची मिरची काढली, त्या दोघांनाही सांगून काढली. दुसऱ्या अर्जात मी आधीचा अर्ज अपुरा का होता ते लिहिलं: आम्ही दुसऱ्याच्या चुका शोधल्या, स्वतःच्या झाकल्या. इतकी सरळ कबुली मी तोवर कधी लिहिली नव्हती. दरम्यान सुरतच्या ऑर्डरी पुन्हा सुरू झाल्या, पहिल्या आठवड्यात दोन, मग रोज एखादी. तेवढ्यावर टेबल टिकलं. होळी उलटून चौथ्या दिवशी निरोप आला, शिक्षा उठवली आहे.

साइट पहिल्या क्रमांकावर गेली नाही. खोट्या साक्षींनी मिळालेली उंची खोटी होती, ती परत यायची नव्हती. पण दिसू लागली. शेठने माझ्यासमोर जयेशला फोन लावला आणि त्याचं अभिनंदन केलं, की तुझी साइट परत आली. तो पलीकडून म्हणत असावा की तिने केलं, कारण शेठ म्हणाले, "हां हां, ती पण आहे इथे." मग मला पेढा दिला, तो मी कमलमावशींच्या हातात ठेवला. सगळं जसं होतं तसं झालं, म्हणजे काही झालंच नाही, असं माझ्या कामाचं रूप आहे. कमलमावशींनी मात्र पेढ्याचा अर्धा तुकडा मला परत दिला आणि म्हणाल्या की या वेळी घे, पुढे असं करशील तर पथारीवर माझ्या शेजारी बसवीन.

वाटणी न्याय्य नाही, हे मी अजून म्हणते. पण घाण कोणी केली आणि उपसली कोणी, हे मला पूर्वीइतकं सोपं वाटत नाही.

तेव्हा तुमच्याकडे एक मागणं. तुमचं दुकान असेल, बचतगट असेल, शाळा, दवाखाना, काहीही असेल आणि त्याची साइट असेल, तर ती सांभाळणाऱ्याला या आठवड्यात फोन करा आणि आपल्याबद्दल कोण कोण काय बोलतं याची यादी मागा. तो म्हणेल, तुम्हाला कळणार नाही. ऐकू नका. खोटी शिफारस ओळखायला कॉम्प्युटर शिकावा लागत नाही. एकेक ओळ स्वतः उघडा आणि वाचा. विकतची असेल ती काढायला लावा. आणि त्यात कोणी खरोखर, आपणहून, तुमच्याबद्दल चांगलं लिहिलेलं सापडलं, तर ते पुसायचं की ठेवायचं हा निर्णय होण्याआधी त्या माणसाला तुम्ही फोन करा, तुम्ही स्वतः. ते काम माझ्यासारखीवर सोपवू नका.